किमो चालू असताना मुलाचं तोंड येतं तेव्हा: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

आपल्याकडे तोंड येणं कुणी फारसं मनावर घेत नाही. उष्णता झाली म्हणायचं, सब्जा भिजवून द्यायचा, जाईचा पाला चावायला द्यायचा, फार तर बी-कॉम्प्लेक्सची गोळी; चार दिवसांत विषय संपतो. किमोथेरपी घेणाऱ्या मुलाच्या तोंडात फोड आले की मात्र घरातला हा सगळा अनुभव बाजूला ठेवावा लागतो. इथे कारण निराळं असतं आणि धोकाही. म्हणून आई-बाबा, आजी-आजोबा पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. बरीचशी उदाहरणं रक्ताच्या कॅन्सरची, म्हणजे ल्युकेमियाची आहेत, कारण मुलांमध्ये तोच सर्वांत जास्त आढळतो. तुमच्या वॉर्डाने दिलेल्या सूचना आणि इथलं काही यांत फरक दिसला तर वॉर्डाचं ऐका. तुमच्या मुलाची फाइल त्यांच्याकडे आहे.

किमोने तोंड का येतं? उष्णतेमुळे का?

नाही. किमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. कॅन्सरच्या पेशी तशाच असतात. पण तोंडाच्या आतलं नाजूक अस्तरही तसंच असतं. ते साधारण एक ते दोन आठवड्यांत पूर्ण नवं होतं. औषधामुळे खालून नव्या पेशी येणं थांबतं, वरच्या झिजत राहतात, अस्तर पातळ होतं आणि शेवटी फाटतं. त्या उघड्या जागेला आपण फोड किंवा चट्टा म्हणतो. डॉक्टर याला म्युकोसायटिस म्हणतात. सब्जा, गुलकंद, थंड दूध यांनी ही प्रक्रिया थांबत नाही. मुलाने काही गरम खाल्लं म्हणून झालं, असा ठपका आईवर तर अजिबात ठेवू नका.

किमोनंतर किती दिवसांनी येतं आणि किती दिवस राहतं?

तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून तोंड लाल, चरचरीत वाटू लागतं. फोड बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतात. सर्वांत वाईट दिवस साधारण दुसऱ्या आठवड्यात येतात, आणि त्याच सुमारास पांढऱ्या पेशींचे काउंटही तळाला असतात. काउंट वर यायला लागले की तोंडही भरून यायला लागतं. दोन ते तीन आठवड्यांत बहुतेक मुलांचं तोंड बरं होतं आणि सहसा व्रणही राहत नाही. त्यामुळे ‘किमो देऊन आलो, दोन दिवस छान गेले, आता काही होणार नाही’ असं समजू नका. खरी काळजी घ्यायचे दिवस त्यानंतर सुरू होतात.

सगळ्याच किमोने होतं का?

सगळ्याने सारखं होत नाही. मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन, सायटाराबिन आणि इटोपोसाइड ही औषधं तोंडाला जास्त त्रास देतात. बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या आधी दिलं जाणारं मेल्फॅलन किंवा ब्युसल्फान तर फारच. व्हिन्क्रिस्टिनने सहसा फोड येत नाहीत. त्याने जबडा दुखू शकतो. मूल गालावर हात ठेवून रडतं, तोंडात मात्र काही दिसत नाही. असं झालं तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याचा उपाय वेगळा असतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना मेथोट्रेक्सेटचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो, हे डॉक्टरांना माहीत असतं. घरच्यांनीही लक्षात ठेवावं.

मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट सलाइनमधून दिलं की नंतर ल्युकोव्होरिन हे औषध ठरलेल्या तासांना द्यावं लागतं. निरोगी पेशींना सावरणारं औषध ते हेच. रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी उतरेपर्यंत त्याचा एकही डोस चुकवायचा नाही, मूल गाढ झोपलं असलं तरी उठवून द्यायचा. या काळात डॉक्टरांना न विचारता दुसरं कुठलंही औषध नको. आयबुप्रोफेन, अॅमॉक्सिसिलिन, अॅसिडिटीची ओमेप्राझोल, को-ट्रायमॉक्सॅझोल ही नेहमीची वाटणारी औषधंसुद्धा मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडू देत नाहीत. मग पातळी वर राहते आणि तोंड सोलून निघतं.

मुलगी मेन्टेनन्सवर आहे, फक्त घरच्या गोळ्या चालू आहेत. तरी एकदम तोंड आलं. का?

हा प्रश्न आला की आधी गोळ्यांचा डबा समोर घ्या.

ल्युकेमियाच्या मेन्टेनन्समध्ये, म्हणजे मुख्य किमोनंतर घरी गोळ्या घेण्याच्या लांबच्या टप्प्यात, दोन मुख्य गोळ्या असतात. सिक्स-एमपी, म्हणजे मर्कॅप्टोप्युरीन, रोज घ्यायची. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. घरात देणारी माणसं बदलतात. आई शेतावर गेली तर आजी देते, मामाकडे गेलं तर मामी. ‘या दोन्ही कॅन्सरच्या गोळ्या, रोज द्यायच्या’ असा समज झाला आणि मेथोट्रेक्सेट रोज गेलं, तर काही दिवसांतच तोंडभर फोड येतात, काउंट कोसळतात आणि मुलाच्या जिवावर बेततं. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून मी ते इतकं ठासून सांगते.

आठवड्याचा एक वार ठरवा. मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर जाड पेनाने तो वार लिहा. पाकीट सिक्स-एमपीच्या शेजारी ठेवू नका, वेगळ्या डब्यात ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळी दिली की त्या तारखेला खूण करा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या हातात ती गोळी देण्याची जबाबदारी देऊ नका. ज्या आठवड्यात पाठीतून मेथोट्रेक्सेट दिलं जातं, त्या आठवड्यात तोंडाची गोळी द्यायची की नाही हे प्रत्येक वेळी विचारून घ्या.

चूक झालीच असेल तर लाजेखातर लपवू नका आणि उद्यावर ढकलू नका. ताबडतोब फोन करून किती गोळ्या, कोणकोणत्या दिवशी गेल्या ते सांगा. आपल्या मनाने फॉलिक अॅसिडची गोळी किंवा टॉनिक सुरू करू नका.

गोळ्या बरोबर जात असतील तरीही मेन्टेनन्समध्ये तोंड आलं तर कळवायचंच. काउंट खाली गेले असतील, विषाणूचा संसर्ग असेल किंवा डोस थोडा कमी करायची गरज असेल.

सुरुवात कशी ओळखायची? लहान मुलं सांगत नाहीत.

दोन वर्षांचं मूल ‘तोंड दुखतंय’ म्हणत नाही. ते घास तोंडात धरून बसतं, बाटली ओढतं आणि लगेच सोडून रडतं, लाळ गाळतं, रात्री दचकून उठतं, ब्रश बघितला की तोंड मिटून घेतं. आवडती गोष्टही नको म्हणू लागलं की तोंडात बघा.

किमोनंतरचे दोन आठवडे रोज एका ठरावीक वेळी तोंड तपासायचं. खिडकीशी बसवा, मोबाइलचा टॉर्च लावा, हात धुऊन खालचा ओठ हलकेच बाहेर ओढा. ओठांची आतली बाजू, गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि टाळूचा मागचा मऊ भाग या जागा बघायच्या. लाली, पांढरे डाग, सोललेली जागा, हिरड्यांतून रक्त, यांतलं काही दिसलं तर फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी वाढलं का हे फोटोवरून चटकन कळतं आणि डॉक्टरांनाही दाखवता येतं.

वॉर्डात सिस्टर ‘ग्रेड’ विचारतात तेव्हा साधारण हे बघतात: नुसती लाली आणि चरचर असेल तर पहिला ग्रेड, फोड आहेत पण घास खाता येतो, दुसरा, फक्त पातळ जातंय, तिसरा, तोंडाने काहीच जात नाही, चौथा. फोनवर ‘कालपर्यंत खिचडी खात होता, आज फक्त दूध’ एवढं सांगितलंत तरी त्यांना पुरेसं कळतं.

कोणत्या वेळी लगेच हॉस्पिटल गाठायचं?

ताप आला की. यात वाट बघायची नाही.

फाटलेल्या अस्तरातून तोंडातले जंतू थेट रक्तात शिरू शकतात, आणि काउंट कमी असताना त्यांना अडवणारं कुणी नसतं. तापमान एकदा १०१ फॅरनहाइट किंवा तासभर १००.४ च्या वर राहिलं तर तो तातडीचा ताप समजतात. तुमच्या वॉर्डाने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. काखेतलं तापमान प्रत्यक्षापेक्षा थोडं कमी येतं, हे ध्यानात असू द्या. गुदद्वारातून तापमान कधीच बघू नका. ताप मोजल्याशिवाय आणि फोन केल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका, कारण त्याने आकडा उतरतो आणि संसर्ग आतल्या आत वाढत राहतो. हॉस्पिटलमध्ये पोचल्यापासून तासाभरात पहिलं अँटिबायोटिक शिरेतून जावं, असा प्रयत्न असतो. म्हणून कॅज्युअल्टीत रांगेत गप्प उभे राहू नका. ‘मुलाची किमो चालू आहे, ताप आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या.

स्टेरॉइड चालू असलेल्या मुलाला संसर्ग होऊनही ताप न येण्याची शक्यता असते. मूल मलूल पडलं, हातपाय गार पडले, थंडी वाजून आली, श्वास भराभर चालू लागला, तर थर्मामीटर काहीही म्हणो, निघा.

तापाशिवायही न थांबता फोन करायची कारणं आहेत: सहा ते आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, औषधाच्या गोळ्या गिळता येत नाहीत, दाबूनही तोंडातलं रक्त थांबत नाही, पोट फुगून दुखतंय, लाळही गिळता येत नाही किंवा आवाज बदलला आहे.

तोंडाची निगा रोज कशी राखायची?

फोड आल्यावर धावपळ करण्यापेक्षा पहिल्या किमोपासून ही सवय लावणं जास्त उपयोगी पडतं. स्वच्छ तोंडातही फोड येऊ शकतात, पण त्यात जंतूंची भर कमी पडते आणि संसर्गाचा धोका घटतो.

मऊ केसांचा लहान ब्रश, दिवसातून दोनदा. वॉर्डात चालत असेल तर फ्लोराइडची, कमी तिखट चवीची पेस्ट: तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, मोठ्याला वाटाण्याएवढी. पुदिन्याची झणझणीत पेस्ट फोडांवर आग करते. ब्रश सहन होत नसेल तर गरम पाण्यात बुडवून आणखी मऊ करून घ्या. तेही जमत नसेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं गॉझ बोटाला गुंडाळून दात-हिरड्या हलक्या हाताने पुसा. ब्रश उघड्यावर, उभा ठेवून वाळवा, घरातल्या इतरांच्या ब्रशांत मिसळू नका.

चूळ भरायला मीठ-सोड्याचं पाणी उत्तम आणि स्वस्त. एक कप उकळून कोमट केलेलं पाणी, पाव चमचा खायचा सोडा, त्याच्या निम्मं मीठ. चमचा म्हणजे चहाचा. धुण्याचा सोडा नाही, बेकिंग पावडरही नाही. रोज ताजं करायचं, उरलेलं टाकून द्यायचं. जेवणानंतर, झोपण्याआधी आणि मधे दोन-तीन तासांनी एकदा चूळ भरून थुंकायला सांगा. थुंकता न येणाऱ्या मुलाला चूळ नको, गॉझने पुसा. ओठांना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. फक्त ऑक्सिजन लावलेला असेल तेव्हा नको.

बाजारातले अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळा. क्लोरहेक्सिडिनने किमोचे फोड येणं थांबत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. हिरड्यांसाठी डॉक्टरांनी मुद्दाम दिलं असेल तरच वापरा. पोव्हिडोन आयोडीनच्या तपकिरी गुळण्या लहान मुलं गिळून टाकतात, म्हणून त्याही विचारल्याशिवाय नकोत.

प्लेटलेट कमी असताना ब्रश केला तर रक्त येईल ना?

थोडं गुलाबी पाणी दिसलं म्हणून ब्रश बंद करू नका. दातांवर साचलेल्या थराने हिरड्या सुजतात आणि मग रक्त जास्त येतं. मऊ ब्रश, हलका हात. रक्त टिपं गाळत असेल तर त्या जागी ओलं थंड गॉझ काही मिनिटं धरा आणि फोन करा. प्लेटलेट फारच कमी असतील तर काही दिवस फक्त गॉझ वापरायला सांगतात.

मशेरी मात्र घरातल्या कुणीही या मुलाच्या दातांना लावायची नाही, ती भाजलेली तंबाखूच असते. कोळसा, राख, कडुनिंबाची काडी यांनी सोललेलं अस्तर आणखी फाटतं.

मध, तूप, हळद, तुरटी, टाकणखार: यातलं काय चालेल?

टाकणखार आणि बोरोग्लिसरीन अजिबात नको. बोरॉनची ही संयुगं लहान मुलांना विषारी ठरू शकतात, आणि उघड्या जखमेतून शरीरात जास्त शोषली जातात. टाकणखाराची लाही मधात कालवून चाटवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी असली तरी इथे ती धोक्याची आहे.

तुरटी झोंबते आणि तोंड कोरडं करते. हळद, जाईचा किंवा पेरूचा पाला, जायफळ उगाळून लावणं यांत औषधापेक्षा सहाणेवरचे, पानावरचे, बोटावरचे जंतू जास्त जातात. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही. काउंट शंभर-दोनशेवर असलेल्या मुलाला होऊ शकतं.

मधाबद्दल लोक फार आग्रही असतात. मधावर अभ्यास झालेले आहेत, पण त्यातले बरेचसे डोक्याला-मानेला रेडिएशन घेणाऱ्या मोठ्या माणसांवर. घरातला, आठवडी बाजारातला कच्चा मध निर्जंतुक नसतो आणि दातांना चिकटून कीड वाढवतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध कुठल्याही कारणाने द्यायचा नाही. मोठ्या मुलाला द्यावासा वाटत असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. साजूक तूप मऊ भातावर, खिचडीवर घाला. अन्न सरकायला सोपं जातं आणि ताकदही मिळते. जखमेवर बोटाने चोळू नका.

आजी हे सगळं मायेनेच सांगत असतात. त्यांना नुसतं ‘नको’ म्हणून बाजूला सारण्यापेक्षा मीठ-सोड्याचं पाणी रोज ताजं करायचं काम त्यांच्याकडे द्या. त्या ते कुणाहूनही चोख करतील.

मेडिकलमधलं बधिर करणारं जेल लावू का?

स्वतःहून नको. तोंडाच्या फोडांवर सर्रास मिळणाऱ्या काही जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं. ते अॅस्पिरिनच्या घराण्यातलं, मुलांना आणि प्लेटलेट कमी असलेल्यांना योग्य नाही. बेन्झोकेनने दोन वर्षांखालच्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. लिग्नोकेन डॉक्टर देतात, पण मोजून. जास्त गिळलं गेलं तर झटके येऊ शकतात, आणि घसा बधिर असताना भरवलं तर ठसका लागून घास श्वासनलिकेत जातो. किती, कधी आणि लावल्यावर किती वेळाने भरवायचं, हे तिन्ही विचारून घ्या.

दुखणं किती सहन करू द्यायचं?

मुळीच नाही. ‘थोडं सोसायला शिकलं पाहिजे’ हे वाक्य किमोच्या वॉर्डात कुणी उच्चारू नये असं मला मनापासून वाटतं. दुखलं की मूल पीत नाही, पाणी कमी पडतं, औषधं जात नाहीत, तोंड कोरडं पडून आणखी चिघळतं.

सौम्य दुखण्याला ताप मोजून, विचारून पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन नको. त्याने रक्तस्राव आणि किडनीचा त्रास होऊ शकतो. औषध जेवणाच्या अर्धा तास आधी दिलं तर भरवणं सोपं जातं.

त्याने भागत नसेल तर मॉर्फिन. हा शब्द ऐकून घरचे हादरतात: ‘म्हणजे आता शेवट आला का? सवय लागेल का?’ दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. तोंडाच्या तीव्र फोडांसाठी मॉर्फिन हे जगभरात मान्य असलेलं औषध आहे. काही दिवस देतात, तोंड भरून आलं की हळूहळू कमी करून बंद करतात. बरं होणाऱ्या मुलांनाच ते बहुतेक वेळा दिलं जातं. बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत शौच मऊ करणारं औषध लागतं. अमली पदार्थांच्या कायद्यामुळे पूर्वी ते मिळणं फार कठीण होतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर हॉस्पिटलांना ते ठेवणं सोपं झालं. मूल कण्हत असेल आणि कुणी मॉर्फिनचं नाव काढत नसेल, तर तुम्ही काढा. विचारणं हा तुमचा हक्क आहे.

खायला काय द्यायचं?

मऊ, ओलसर, कोमट किंवा गार, ताजं शिजवलेलं. मुगाच्या डाळीची आसट खिचडी, गुरगुट्या भात आणि तूप, पेज, नाचणीचं सत्त्व, रव्याची किंवा साबुदाण्याची खीर, दुधात कुस्करून शिजवलेली भाकरी, शिरा, पूर्ण उकडलेल्या अंड्याचा बलक भातात कालवून, वरणात शिजवून घोटलेली दुधी-भोपळ्याची भाजी. सालासकट धुऊन मग सोललेलं केळं बहुतेक मुलांना जातं. घरी विरजलेलं दही कुठे चालतं, कुठे काउंट कमी असताना बंद ठेवतात, विचारून घ्या.

लिंबू, संत्रं, मोसंबी, टोमॅटो, चिंच, कोकम, लोणचं, तिखट हे सगळं झोंबतं. चिवडा, चकली, खारी, टोस्ट, कडक भाकरीचा पापुद्रा टोचतो. उसाचा रस आणि बर्फाचा गोळा तोंडाला गार वाटला तरी त्यातल्या पाण्या-बर्फाची खात्री नसते. घरी उकळलेल्या पाण्याचा बर्फ करून चघळायला द्या.

तीन वेळा ताट वाढण्याऐवजी दर तासाला चार-पाच चमचे द्या. स्ट्रॉ कधी सोयीची, कधी टोचणारी. मुलाला ठरवू द्या. दिवसभरात किती गेलं ते कपाने मोजून लिहा. जबरदस्तीने घास कोंबू नका, त्याने अन्नाचीच भीती बसते आणि तोंड बरं झाल्यावरही ती सुटायला वेळ लागतो. या आठवड्यात वजन थोडं घटलं तर ते भरून काढता येतं. पाणी मात्र कमी पडू द्यायचं नाही.

डॉक्टर नाकातून नळी घालायची म्हणतात. एवढी वेळ आली का?

नळी म्हणजे हार नव्हे. तोंडाला हात न लावता दूध, पेज, औषधं पोटात जातात आणि भरवण्यावरून चाललेली रोजची रडारड थांबते. फोड पुष्कळ असतील तर घालताना दुखतं, म्हणून काही वेळा डॉक्टर त्रास वाढण्याआधीच सुचवतात. आतडीही सोलवटलेली असतील, उलट्या-जुलाब असतील, तर शिरेतून पोषण देतात.

जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आहे. तोही किमोचा फोडच का?

बहुधा बुरशी, कँडिडा. पुसल्यावर खाली लाल जागा दिसते. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड चालू असताना ती वाढते. औषधाने जाते, पण मेडिकलमधून बुरशीची गोळी परस्पर आणू नका: त्या गटातली काही औषधं व्हिन्क्रिस्टिनचा नसांवरचा त्रास धोकादायक पातळीला नेतात. ओठांवर, टाळूवर बारीक पाण्याच्या फोडांचा पुंजका असेल तर हर्पिसचा विषाणू असू शकतो. त्याला असायक्लोव्हिर लागतं. डोळ्यांनी फरक ओळखणं नेहमी जमत नाही, म्हणून डॉक्टर कधी कापसाच्या काडीने नमुना घेतात.

फोड येऊच नयेत म्हणून काही करता येतं का?

पूर्ण टाळता येत नाहीत, कमी करता येतात. मेल्फॅलनसारखं थोड्या वेळात संपणारं औषध जाताना तोंडात बर्फ धरला की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध कमी पोचतं. मूल समजूतदार हवं. गुदमरण्याचा धोका असल्याने तान्ह्यांसाठी नाही. अनेक तास चालणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या सलाइनला हा उपाय चालत नाही.

दुसरा उपाय लाल किंवा अवरक्त प्रकाशाचा, ज्याला लेझर म्हणतात. कापणारा लेझर तो नव्हे. काही मिनिटं तोंडाच्या आतून किंवा गालावरून प्रकाश देतात, डोळ्यांना चष्मा लावतात, दुखत नाही. मुलांमध्येही त्याचा उपयोग दिसला आहे, ट्रान्सप्लांटच्या वेळी विशेष. सगळीकडे यंत्र नसतं. तुमच्या केंद्रात आहे का, एवढं विचारा.

तोंड आलंय म्हणून पुढची किमो पुढे ढकलली. आजार वाढेल का?

काही दिवस थांबणं उपचाराच्या आराखड्यातच धरलेलं असतं. जखमा उघड्या असताना पुन्हा तेच औषध दिलं तर त्रास दुप्पट होतो. डोस कमी करायचा की तोच ठेवायचा, हे डॉक्टर जखमा किती होत्या आणि काउंट किती दिवसांत वर आले यावरून ठरवतात. तुमच्याकडून एकच गोष्ट हवी: त्रास कमी करून सांगू नका. किमो लांबेल या भीतीने ‘आता खातोय’ असं सांगणारे पालक असतात. त्याने नुकसान मुलाचंच होतं.

दुधाचा दात हलतोय. काढू का?

बोटाने, दोऱ्याने नाही. आपोआप पडला तर पडू द्या, गॉझ धरा. काढायचाच असेल तर आधी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि प्लेटलेट बघतात. किडलेल्या दातांची तपासणी शक्यतो किमो सुरू होण्याआधी झालेली बरी. दातांना तारा लावलेल्या असतील तर त्या बहुधा काढून ठेवायला सांगतात.

बाळ अंगावर पितं. चालू ठेवू?

बहुतेक वेळा हो, पण किमोच्या दिवसांत एकदा डॉक्टरांना विचारा. तोंड दुखत असताना बाळ स्तन सोडून रडत असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने द्या. बाटलीची बुचं आणि चोखणी उकळल्याशिवाय वापरू नका.

शौचाच्या जागीही सोलवटलंय. संबंध आहे का?

आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंतचं अस्तर असंच भराभर नवं होणारं असतं. मुलं, विशेषतः दहा-बारा वर्षांची, लाजेने सांगत नाहीत, म्हणून तुम्ही थेट विचारा. कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा. गुदद्वारातून औषधाची वडी किंवा एनिमा नको.

भावंडांना लागण होते का?

किमोच्या फोडांची नाही. उलट दिशेने मात्र होते; म्हणून ताट, चमचा, पेला वेगळा ठेवा आणि आपल्या तोंडातला घास या मुलाला भरवू नका. ओठांवर हर्पिसचा फोड असलेल्या पाहुण्याने पापा घ्यायचा नाही.

आम्ही गावी आहोत. मोठं हॉस्पिटल सहा तासांवर. रात्री ताप आला तर?

डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांकडून एक चिठ्ठी मागा: आजार, शेवटच्या किमोची तारीख, औषधांची नावं, आणि तापात पहिलं कोणतं अँटिबायोटिक शिरेतून द्यायचं ते. तिचा आणि फाइलच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात हा डोस घेऊन मग पुढे निघता येतं. गावातल्या दवाखान्यात तापाचं ‘कमरेतलं इंजेक्शन’ घेऊ नका. प्लेटलेट कमी असताना स्नायूत रक्त साकळतं, शिवाय त्यात बहुधा डायक्लोफेनॅकच असतं.

शक्य असेल तर काउंट पडण्याचे दिवस हॉस्पिटलच्या जवळच काढा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला येणारी कितीतरी कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची मोफत निवासकेंद्रंही आहेत. तुमच्या हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात नाव द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. गुंतागुंतीसाठी दाखल व्हावं लागलं तर तो खर्च कशात बसतो हे तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

उपचार संपल्यावर दातांचं काही राहतं का?

फोडांचं नाही, पण किमोचं राहू शकतं. पाच-सहा वर्षांच्या आत किमो झालेल्या मुलांमध्ये पक्के दात तेव्हा हिरडीत तयार होत असतात. त्यामुळे एखादा दात लहान राहतो, मूळ आखूड राहतं, वरचा चकाकता थर कमजोर होतो, क्वचित दात येतच नाही. दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे न्या आणि कोणती औषधं, कोणत्या वयात झाली तो कागद सोबत ठेवा. तारा लावायचा विचार करण्याआधी तर तो दाखवायलाच हवा, कारण मुळं आखूड असतील तर दात किती जोराने हलवायचे हे त्यावर ठरतं.